घराचे काम बिघडले तर
(संस्थेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे. तरीही कार्यकर्त्यांनी मला या विषयावर बोलावयास सांगितले, याचे कारण एवढेच की या विषयात मी एकदा चांगलाच आपटलो आहे. खड्डा नेमका कुठे आहे, हे आपटलेल्या माणसाला विचारावे.

3 जून 2020 हा दिवस आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले फुटली, पत्रे उडाले. त्यात कोरोनाची टाळेबंदी. पुढे गावोगाव एकाच वेळी दुरुस्तीची कामे निघाली. गवंडी मिळेना, पत्रा मिळेना. अशा घाईत माणूस जो येईल त्याचे पाय धरतो.

आमच्या गावच्या घरी आई एकटी राहते. पुढचा भाग कौलारू, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. ओळखीच्या एका ठेकेदाराला 2021 च्या जानेवारीत काम दिले. छप्पर, स्लॅबवर कोबा आणि आतून गिलावा, मिळून 2 लाख 40 हजार रुपये. सगळे तोंडी. कागद नाही, पावती नाही. काम अर्धे झाले तेव्हा माझ्याकडून 2 लाख गेलेले होते. बँकेत शंभर रुपयांच्या स्लिपवर सही नसेल तर मी ती परत करतो; आणि घरी 2 लाख रुपये नुसत्या भरवशावर देऊन बसलो!

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आईच्या अंथरुणावर पाणी ठिबकू लागले. गिलाव्याला पोपडे आले, भिंतीला लोणा फुटला. आई रात्री दोन-दोनदा उठून पातेली बदलत असे. ठेकेदाराला फोन केला की उत्तर ठरलेले, "पाऊस जाऊ द्या, बघतो." मग मी चिडलो. नाक्यावर चार लोकांत त्याला वाटेल ते बोललो. परिणाम काय झाला? त्याने फोन उचलणे बंद केले, आणि पाणी ठिबकतच राहिले.

त्या वेळी कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने विचारले, "काका, काय काय ठरले होते ते कुठे लिहिले आहे?" मी गप्प. तिने वही घेतली आणि मला आठवेल ते तारखेवार लिहून काढले. बँकेच्या पासबुकातून चेकच्या नोंदी काढल्या. मोबाईलवर ओलीचे फोटो काढून ठेवले. बंधू-भगिनींनो, माझा राग दोन महिन्यांत जे करू शकला नाही, ते त्या वहीने दोन आठवड्यांत केले.

आम्ही दुसऱ्या एका जाणकाराला घर दाखवले आणि दोष कोणते, दुरुस्तीला खर्च किती, हे त्याच्याकडून लेखी घेतले. मग ठेकेदाराला साध्या मराठीत पत्र लिहिले. काय ठरले, किती पैसे दिले, काय बिघडले, काय करून हवे आणि किती दिवसांत हवे. शिवी नाही, धमकी नाही. पत्र पोचपावतीसह पोस्टाने धाडले. आठव्या दिवशी तो स्वतः आईकडे आला.

समोरासमोर बसल्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. कोबा पुरेसा जाड घातला नव्हता आणि त्यावर नीट पाणी मारले नव्हते, हे त्याने मान्य केले. पण लग्नसराईच्या आत काम उरका म्हणून घाई मीच केली होती, आणि भाव पाडताना कोब्याचाच खर्च मी कमी करायला लावला होता, हे मलाही मान्य करावे लागले. तडजोड अशी झाली: मजुरी त्याची, माल निम्मा-निम्मा, आणि उरलेले 40 हजार काम तपासल्यावर. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दिवाळीनंतर कोबा पुन्हा झाला. गळती थांबली. गिलाव्याचे पोपडे मात्र अजून आहेत. तेवढी शिक्षा मी भोगतो आहे.

आता आपल्या किनाऱ्यापुरते काही सांगतो. खारी हवा आणि खाडीची न धुतलेली रेती सळईची शत्रू आहे. मिठाने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून समुद्राचे किंवा खाडीचे पाणी काँक्रीटला वापरू देऊ नये. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण आहे का, हे ओतण्याच्या आधी पाहावे. काँक्रीटवर निदान सात दिवस, शक्य तर दहा दिवस पाणी मारावे. कोबा झाल्यावर गच्चीवर पाणी अडवून निदान 24 तास ठेवावे आणि खालून छत पाहावे. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

तडजोड झालीच नाही तर कायदा आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले आणि आजच्या कायद्यातही ते स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. "बघतो, बघतो" ऐकण्यात ही मुदत निघून जाते. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 1915 या क्रमांकावर फोन करून आधी सल्लाही घेता येतो. तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना घाम फुटतो. आणखी एक लक्षात ठेवा. आपणच रोजावर माणसे लावून, आपल्याच सांगण्यावरून काम करून घेतले, तर ठेक्यासारखी तक्रार तिथे सहसा टिकत नाही.

शेवटी मनातले एक बोलतो. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी कोणी गवंडी आहे, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी बिगारी. माझ्या घरी काम केलेल्या बिगाऱ्यांची आठवड्याची मजुरी ठेकेदाराने थकवली होती, आणि मी पैसे अडवले तेव्हा पहिला चटका त्यांनाच बसला. हे मला फार उशिरा कळले. म्हणून ठेकेदाराचा हप्ता रोखताना मजुरांची मजुरी चुकती झाली का, हे आधी विचारा. भांडण ठेकेदाराशी असते, घमेले उचलणाऱ्या बाईशी नसते. आणि आपल्यातले जे स्वतः ठेके घेतात, त्यांनाही विनंती आहे की काम आणि दर कागदावर लिहून द्या. तो कागद तुमचेही रक्षण करील, कारण पैसे बुडवणारे घरमालकही कमी नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकलात ते याच कामी यावे. शेजारच्या मावशींच्या घराचे काम निघाले तर एक संध्याकाळ त्यांच्यासाठी द्या. काय ठरले ते एका कागदावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, दोघांच्या सह्या घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. माझ्या पुतणीने ते काम बिघडल्यावर केले. तुम्ही आधी करा.