खाऱ्या पाण्यासाठी स्वस्तातला फ्लाय रॉड

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून समुद्र सुमारे 500 किलोमीटर दूर. तरी गॅल्व्हेस्टनला सुट्टीत जाऊन रेडफिश धरण्याची हौस असलेली आपली मराठी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, रॉड कोणता घ्यावा?

9 फूट लांब, 8-वेट दोरीसाठीचा, ग्राफाइटचा, चार तुकड्यांचा. किनाऱ्यावरचा वारा आणि रेडफिशची ओढ, दोन्ही तो पेलतो, गाडीत मावतोही. महागड्या नावासाठी पैसे मोजू नका. नवशिक्याला महाग आणि मध्यम रॉडमधला फरक कळतच नाही. मात्र रीळ जिथे बसतं ती बैठक ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची असावी. साध्या धातूला मीठ खातं. वाचलेले पैसे सीलबंद ड्रॅगच्या रिळावर आणि उन्हात मऊ न पडणाऱ्या दोरीवर घाला. फेकीचा सराव घराजवळच्या लुइसव्हिल तलावावर होतो.

परवाना काढताना खाऱ्या पाण्याची परवानगी जोडून घ्या. आणि परतल्यावर रॉड, रीळ, दोरी गोड्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.