मॉनिटर घेताना अक्षर बघा

कॉलेजचे प्रवेश झाले, टायपिंगचे क्लास लागले, की घरोघर एकच विचारणा सुरू होते: पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय, मॉनिटर कोणता घ्यावा? उत्तरही ठरलेलं. आहे त्या पैशात जितका मोठा मिळेल तितका! तेवढ्यासाठीच आज बोलतोय. मोठ्या पडद्याच्या मागं लागू नका. अक्षर बघा.

पेरणीचं घ्या. एकरी तीस किलो सोयाबीन लागतं, हे आपल्याकडं कुणालाही ठाऊक आहे. तेच तीस किलो दीड एकरात पसरलं तर? रान मोठं दिसेल, पण पीक विरळ. पडद्याचं तसंच आहे. फुल एचडी म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, मिळून वीस लाखांच्या वर. 22 इंचीवर तेवढेच, 24 वर तेवढेच आणि 27 वरही तेवढेच. बियाणं तेच, रान वाढलं. 22 इंचीवर एका इंचात शंभरेक ठिपके बसतात, 24 वर 92, 27 वर 82. काही जण घरचा 32 इंची एचडी रेडी टीव्हीच कॉम्प्युटरला जोडतात. त्यावर ठिपके 1366 बाय 768, म्हणजे बियाणं निम्मं आणि रान 22 इंचीच्या दुपटीहून मोठं. इंचाला जेमतेम 49! त्यावर सिनेमा बघा, अभ्यास नको.

विरळ पडद्यावर इंग्रजी कसंबसं निभतं. मराठीचं निभत नाही. आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, त्यात जोडाक्षरं. हे सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं. ठिपके कमी पडले की अनुस्वार मात्रेत मिसळतो, 'भ' आणि 'म' सारखे दिसायला लागतात, धाराशिवचा 'ध' की 'घ' हे पुढं वाकून बघावं लागतं. परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखनात मराठीला मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो. सरावात चूक बोटांची झाली की डोळ्यांची, हेच कळत नसेल तर शिकणाऱ्या पोरानं सुधारायचं काय?

घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतो. मग सात-आठ हजारांची वस्तू खोक्यावरचं चित्र बघून का उचलता? पेनड्राइव्हवर एखादा मराठी शासन निर्णय घेऊन जा. दुकानदार रंगीबेरंगी व्हिडिओ लावील, तो बंद करायला सांगा. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड'वर आहे ना, ते बघून घ्या. आपली फाईल शंभर टक्क्यांवर उघडा, हातभर अंतरावर बसा आणि सलग एक पान वाचा. डोळे बारीक करावे लागले तर तो मॉनिटर आपला नाही, मग तो 27 इंची असो की आणखी मोठा. बाजूनं बघताना रंग उडत असतील तर आयपीएस पॅनलचा दाखवा म्हणा. ऑनलाइन मागवणाऱ्याला हे करता येत नाही. त्यानं निदान इंचाच्या आधी रिझोल्यूशनची ओळ वाचावी.

हातात दोन-तीन हजारच असतील तरी नाराज होऊ नका. सोलापूर, लातूर, पुण्याकडं ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर मिळतात. त्यातला 1600 बाय 900 चा 20 इंची मिळाला, तर त्याची पेरणी नव्या 24 इंचीइतकीच दाट असते. हिशेब करून बघा, इंचाला तेच 92. फक्त पडदा पूर्ण पांढरा करून बघा, मग पूर्ण काळा. कोपरे पिवळे पडलेत का, एखादा ठिपका पेटूनच राहिलाय का, ते लगेच दिसतं. नवा घेतलात तर पक्कं बिल सोडू नका, वॉरंटी त्याच्यावरच मिळते.

आणि ते 144 हर्ट्झचे मॉनिटर... मुलांनो, तुम्ही ते कशासाठी मागता, हे मला ठाऊक आहे. कोडिंगला, टायपिंगला, नोट्स वाचायला 60 पुरतात, 75 झाले तर उत्तम. जास्तीचे पैसे अक्षरावर घाला. पुन्हा सांगतो, अक्षरावर.

वेळ संपल्याची खूण झाली आहे आणि केबलचं सांगायचं राहिलं. जुन्या सीपीयूला बऱ्याचदा फक्त व्हीजीए असतं, नव्या मॉनिटरला कधी नुसतं एचडीएमआय, मग कन्व्हर्टर लागतो आणि त्यात पुन्हा... असो. निघताना सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, दुकानात दाखवा. घरी मॉनिटर खिडकीसमोर ठेवू नका, खिडकीला काटकोनात ठेवा, आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल एवढी पुस्तकं खाली घाला.