रक्तदाबाचा टेकू
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या मंडळींचा प्रश्न बहुधा एकच असतो : "बीपी किती आहे?" आतून उत्तर येते, "एकशे दहा." सर्वांच्या जिवात जीव येतो, गावी निरोप जातात; आणि पहाटे रुग्ण दगावला म्हणजे आपली फसवणूक झाली, हा संशय त्या घरात कायमचा राहतो. वास्तविक आकडा खोटा नसतो. तो कशाच्या आधाराने उभा होता, एवढेच कोणी सांगितलेले नसते. त्या आधाराविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

जंतुसंसर्ग विकोपास गेला की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराचा तोल सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, झिरपू लागतात. पाट एकाएकी रुंदावला आणि पाणी उलट कमी झाले, तर टोकाच्या वाफ्याला ते पोचावे कसे? मेंदू, मूत्रपिंडे यांची तीच गत होते. यासच 'सेप्टिक शॉक' म्हणतात. प्रथम सलाईन देतात. त्याने भागले नाही तर रक्तवाहिन्या आवळणारे औषध. त्यात पहिला मान नॉरअ‍ॅड्रेनालिनचा. हे द्रव्य परके नव्हे. आपल्याच मज्जातंतूंतून ते स्रवत असते. पूर्वी डोपामिनचाही प्रघात मोठा होता. २०१० साली शॉकच्या १,६७९ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध झाली. तीत मृत्यूंच्या प्रमाणात निर्णायक अंतर आढळले नाही. परंतु हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण डोपामिनने शेकडा २४, तर नॉरअ‍ॅड्रेनालिनने शेकडा १२ भरले.

या औषधाचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून पंपातील एक सिरिंज संपण्यापूर्वीच परिचारिका दुसरी भरून ठेवते. (तिच्यावर आवाज चढविणाऱ्यांनी ही दक्षता एकवार अवश्य पाहावी.) पडद्यावर कंसात दिसणारा सरासरी दाब ६५ च्या आसपास राखण्याचा सामान्यतः यत्न असतो.

परंतु वासा मोडला असता टेकू दिल्याने छत तगते, वासा जुळत नाही. जंतूंना मारावयाचे ते प्रतिजैविकांनी. पू साचला असेल तर तो काढलाच पाहिजे. यास्तव नुसते "बीपी किती?" न विचारता असे विचारावे : औषध कालच्यापेक्षा कमी लागते आहे की जास्त? लघवी होते आहे का? संसर्गाचे मूळ सापडले का? औषध उतरत असतानाचे ६५ आणि चढत असतानाचे ६५ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पुढे व्हासोप्रेसिनची जोड देऊनही मात्रा चढतच राहिली, तर डॉक्टर घरच्यांना आत बोलावितात. त्या घटकेस "वाटेल ते करा, पण वाढवा" हेच शब्द तोंडी येतात, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि वासा जुळण्याची आशा कितपत उरली, हेही विचारावे. तसे विचारणाऱ्या मुलाची माया पातळ झाली, असे भावकीने मानू नये.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ज्यांना पूर्वीपासून उच्च रक्तदाब आहे, त्यांच्यात सरासरी दाब थोडा वर राखल्यास कृत्रिम मूत्रपिंडाची गरज कमी पडली, असे फ्रान्समधील २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून वडीलधाऱ्यांचा नेहमीचा रक्तदाब आणि चालू गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून घरात सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावीत, आणि इस्पितळात जाताना तो कागद बरोबर न्यावा.