पोटाचा जुना आजार आणि बोलणारे यंत्र
(संस्थेच्या पालक-सभेत फुलपाडा येथे केलेले भाषण)



पोटाचे दुखणे चारचौघांत काढू नये, अशी आपली जुनी समजूत आहे. शौचावाटे रक्त जाते हे आई मुलाला सांगत नाही, सून सासूला सांगत नाही. पहाटेची विरार लोकल धरून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जावे, तासन् तास रांगेत बसावे, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर अर्धेच सांगावे, असे चालते. डॉक्टरांचाही नाइलाज असतो. बाहेर गर्दी खोळंबलेली असते. मग हाती ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे लिहिलेला इंग्रजी कागद येतो आणि तो वाचायला घरातील आठवीच्या मुलाला बोलावतात. म्हणूनच हा विषय मी विद्यार्थ्यांसमक्ष घेतला आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले व पाठोपाठ तशी आणखी यंत्रे आली. ती मराठीत, उर्दूतही उत्तर देतात. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा हे ती शिकलेली असतात. रोग्याचे पोट त्यांनी दाबून पाहिलेले नसते, हे आधी ध्यानात घ्यावे.

तरीही त्यांचा उपयोग मोठा आहे. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज व जखमा. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, रोग्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही, हे यंत्र सोप्या शब्दांत सांगते. एकच गोष्ट दहा वेळा विचारली तरी कंटाळत नाही. लाजणाऱ्या भगिनीला तेथे लाजावे लागत नाही. रक्त थांबले की गोळ्या बंद, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार! आजार दबला असतानाही औषध का घ्यायचे, एवढे जरी घरोघर समजले तरी पुष्कळ झाले.

सीलिअ‍ॅक हा दुसरा आजार. त्यात गव्हातील ग्लूटेन आतड्याला बाधते. चपाती बंद केली, तांदळाची भाकरी सुरू केली, म्हणजे काम झाले असे घरच्यांना वाटते. पण रवा गव्हाचा, ईदच्या शीरखुर्म्यातील शेवया गव्हाच्या, आणि बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले. गहू कोठे कोठे दडलेला असतो, असे विचारल्यास यंत्र चांगली यादी देते. डब्यावरील छापील मजकूर मात्र आपणच वाचायचा.

आता धोक्याची गोष्ट. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार आणि आतड्याचा क्षय हे दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. पोटदुखी, ताप, वजन घटणे दोहोंतही असते. दुर्बिणीने पाहून, आतड्याचा तुकडा तपासूनही तज्ज्ञांना कधी कधी उलगडा होत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. पण ही यंत्रे मुख्यतः इंग्रजी मजकुरावर पोसलेली, ती क्षयाला मागच्या बाकावर बसवू शकतात. आणि क्रोन्स समजून क्षयाच्या रोग्याला स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. क्षयाचे औषध तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते! तेव्हा लक्षणे सांगून यंत्राकडून रोगाचे नाव काढून घेऊ नये, आणि त्याच्या शब्दावर कोणतीही गोळी सुरू वा बंद करू नये. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे तर फारच घातक. चुकीचे उत्तरही हे यंत्र ठामपणे देते. हुशार पण अभ्यास न केलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत देतो तसे.

रमजानच्या रोजांचेही तसेच. गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसवता येतील काय, हे महिना लागण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपण सारे जाणतो.

यंत्राला विचारण्याजोगा उत्तम प्रश्न म्हणजे, “उद्या डॉक्टरांना मी काय काय विचारू?” त्यातून पाच प्रश्न निवडावे, वहीच्या पानावर लिहावे, रक्त किती दिवसांपासून जाते तेही लिहावे, आणि ते पान डॉक्टरांच्या हाती द्यावे. तोंडाने बोलण्याची लाज त्याने टळते. रिपोर्टाचा फोटो यंत्राला देण्यापूर्वी त्यावरील नाव, पत्ता व केस नंबर झाकावा. ज्यांच्या घरी मोबाइलवर वाचून दाखविणारे कोणी नाही, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कागद घेऊन मला भेटावे.