'लक्ष कुठं होतं?'



विषय पडण्याचा असला, तरी दहीहंडीवर बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. थरांची उंची वीस फुटांवर रोखणारा २०१४चा न्यायालयाचा निकाल, २०१७मध्ये उठलेली ती मर्यादा, सगळं तुम्हाला पाठ आहे. शिवाय पहिल्या दोन रांगांत मंडळाचे कार्यकर्ते बसलेत. (हशा)

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. आपल्याला वाटतं, पडतात ती म्हातारी माणसं. मी फौजेत डॉक्टर होतो. माझ्यासमोर येत ते पंचविशीतले पैलवान, आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला जाई, 'लक्ष कुठं होतं?' कागदावर 'निष्काळजीपणा' लिहिलं की चौकशी संपली. जिन्यातला दिवा गेलेला, तो गेलेलाच. माझा हट्ट एवढाच आहे : माणसाचं लक्ष उडणारच, हे धरून चला आणि त्याच्या पायाखालचं बघा.

छत्रीधारी सैनिकांचं घ्या. जमिनीला पाय लागताना वेग सेकंदाला सहा-सात मीटर, म्हणजे साधारण सात फुटांवरून उडी. पाय जुळवून चवड्यावर उतरायचं, मग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू असं लोळण घ्यायचं, हे घोटवून घेतात. तरी घोटे मुरगळतातच. अमेरिकेत जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला बुटावरून बांधायचा घोट्याचा आधारपट्टा करून पाहिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घोटा आत वळून मुरगळण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आता पुढचं ऐका. पट्टा बंद केला! खर्च फार, आणि वर कुजबूज अशी की घोटा वाचतो, पण मार वर गुडघ्याकडे जातो. आकडे तसं सांगत नव्हते. पट्टा गेला, घोटे पुन्हा मोडू लागले, मग पट्टा परत आणावा लागला. तेवढ्या काळात शिस्त ढिली झाली होती का? पोरं तीच, मैदान तेच, उस्ताद तसेच कडक. यावर मी तासभर बोलू...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? कार्यक्रमपत्रिकेत एक तास छापलाय हो! (हशा) असू दे.

थेट परांचीवर येतो. तिथं कामगाराच्या अंगावर सुरक्षेचा पट्टा असतो, हूक मात्र हवेत लोंबतो, कारण अडकवायला भक्कम जागाच ठेवलेली नसते. कठडा नाही, फळ्यांमध्ये फटी. तो पडला की ठेकेदार म्हणतो, प्यायलेला होता. समजा, होता. कठडा प्यायलेल्यालाही अडवतो ना?

शिडीचं एक ध्यानात ठेवा : चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर...

मागून कोण म्हणालं? 'मुकादम ऐकत नाही'? मुकादमाच्या हातात काय आहे? सोसायटीचं रंगकाम काढाल तेव्हा कठडा, जाळी, हुकाची दोरी यांचे पैसे कंत्राटात वेगळे लिहा. सगळ्यात कमी दराच्या निविदेत नेमकं हेच गाळलेलं असतं, आणि सही आपली असते. हो, माझीसुद्धा सोसायटी आहे, रागावू नका. घंटा झाली वाटतं. उरलेलं चहाबरोबर.