ताटी घालण्याआधी दोरी धरा



आज परसबागेच्या कुंपणाबद्दल बोलायचंय. मेथी-पालक हातभर होतो आणि एका दुपारी दोन शेळ्या येऊन सगळं फस्त करतात. हे कुणाच्या घरी झालं नाही? काटेरी फांद्यांचं कुंपण वर्षभरात वाळून मोडतं, वर लेकरांच्या पायात काटे. तारेच्या जाळीला एकदम पैसा लागतो. त्यापेक्षा बांबूच्या ताट्या बऱ्या. घरी विणता येतात आणि एक मोडली तर तेवढीच बदलता येते.

हिशोब सांगते, कागदावर लिहून घ्या. अंगण २४ फूट लांब, १८ फूट रुंद, एका लांब बाजूला घराची भिंत. मग कुंपण १८, २४ आणि १८, म्हणजे ६० फूट. ताटी ६ फूट रुंद, ४ फूट उंच धरा. ९ पूर्ण ताट्या, एक ३ फुटांची अर्धी आणि ३ फुटांचं फाटक. त्याला खांब १२. वीस फुटी बांबू असेल तर एका ताटीला दोन बांबू धरा, खांबांना चार जाड बांबू. सगळे मिळून २४-२५ बांबू.

बांबू तीन-चार वर्षांचा पक्का घ्या. कोवळा लवकर किडतो. तोड हिवाळ्यातली असावी, पावसाळ्यातल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. बांबू उभा चिरून दोन बोटं रुंद कामट्या काढा. तीन आडव्या पट्ट्या ठेवा, वर, मध्ये आणि खाली. उभी कामटी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून, तिसरीच्या पुढून घाला. शेजारची बरोबर उलट. ताण बसतो, खिळा लागत नाही. कडेच्या कामट्या तेवढ्या तारेनं बांधा. कामटीची धार पात्यासारखी कापते, म्हणून हाताला फडकं गुंडाळा.

खांब साडेसहा फुटांचा, त्यातला दोन फूट जमिनीत. तो भाग जाळावर काळा होईपर्यंत शेकून डांबर लावा. खड्ड्यात दगड-मुरूम घालून ठासा. खांबाजवळ माती उंच ठेवा, पाणी साचू नये. ताटी जमिनीपासून चार बोटं वर बांधा, नाहीतर वाळवी चढते. खालच्या फटीत दगड लावले की कोंबडी शिरत नाही. पाऊस सुरू होताना खांबांशेजारी गिरिपुष्पाच्या फांद्या रोवा. बांबूचे खांब कुजेपर्यंत ती झाडं धरतात, आणि पाला खताला होतो.

आता खरी गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

आमच्या गटातल्या एका ताईला मीच म्हणाले, "शेजारची जाऊ माहेरी गेलीय, तोवर उरकून घे." दोन दिवसांत ताट्या उभ्या राहिल्या. थोरली जाऊ परत आली आणि तिनं तीन ताट्या उपटून टाकल्या. "माझ्या अंगणात हातभर आलीस," म्हणाली. दोघी आमच्याच गटातल्या. चार महिने एका बैठकीत बसल्या नाहीत. एकीनं हप्ता थांबवला, आणि आम्ही बाकीच्या जणी कुणाच्या बाजूनं बोलायचं म्हणून गप्प.

शेवटी धाकटी स्वतः गेली. "अक्का, दोरीचं एक टोक तुम्ही धरा." दोघींनी जुन्या दगडापासून दोरी ताणली. ताटी खरंच हातभर पुढे गेली होती. मागे घेतली. आज त्याच ताटीवर दुधीचा वेल आहे, आणि ज्या बाजूला दुधी लोंबेल तिचा तो, असं दोघींनी ठरवलंय.

म्हणून आधी दोरी, मग शेजारीण, मग खांब. शेजारीण घरी असतानाच खुंट्या मारा. ग्रामपंचायतीतून नमुना ८चा उतारा काढून लांबी-रुंदी बघा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही बघा. उतारा हातात आला की त्यावर तुमचं नाव आहे का तेही वाचा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लागू शकतं. नसेल तर अर्ज करा. रस्त्याकडच्या बाजूला नाली आणि वाट सोडून खांब रोवा.

कुंपणासाठी लगेच कर्ज काढू नका. सावड करा. दहा जणी एका घरी दोन दिवस, पुढच्या आठवड्यात दुसरीच्या घरी. पैसा फक्त बांबू, तार आणि डांबराला लागेल.

ताटी म्हटलं की आपल्याला मुक्ताबाई आठवते. रुसून आत बसलेल्या भावाच्या दाराशी ती उभी राहिली होती. आपणही ताटी शेळीसाठी घालू, माणसासाठी नको. फाटक शेजारणीच्या दाराकडे ठेवता आलं तर तिकडेच ठेवा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या अंगणाचं माप आणा.