रंधा आणि लाकूड
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



व्याख्यान देण्याइतकी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. १९७४ साली जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि पुढे निवृत्तीपर्यंत प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. तरुणांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. परंतु मला आज तरुणांपेक्षा माझ्या वयाच्या मंडळींशीच अधिक बोलावयाचे आहे. आणि उपदेशापेक्षा एक कबुली द्यावयाची आहे.

तत्पूर्वी आपल्या सुतार ज्ञातीत जन्मलेल्या एका कन्येचे स्मरण करू. डॉ. रखमाबाई यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील लहानपणीच वारले. आपल्या ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. त्यानुसार त्यांच्या आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न लावून देण्यात आले. परंतु त्या नांदावयास गेल्या नाहीत, घरीच राहून शिकत राहिल्या. १८८४ साली पतीने उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. परंतु प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि १८८७ साली, पतीगृही जा नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम झाला. कैद पत्करीन, पण मनाविरुद्ध नांदावयास जाणार नाही, असे त्या बावीस वर्षांच्या मुलीने कळविले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या विलायतेस गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. परंतु मंडळी, त्या काळी त्यांना दूषणे देणाऱ्यांत परके जितके होते, तितकेच आपलेही होते. धर्म बुडाला, घराण्याचे नाव गेले, असे म्हणणारी माणसे दुष्ट नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच संसारी, चारचौघांना भिणारी माणसे होती. हे मी कशावरून म्हणतो? स्वतःवरून म्हणतो.

माझे वडील गावचे सुतार. नांगर, कुळव, पाभर यांवर त्यांची हयात गेली. मी मास्तर होण्याचा हट्ट धरला तेव्हा भावकीने त्यांना विचारले, "एकुलता मुलगा, तुमची हत्यारे आता कोण धरणार?" वडील रंधा मारीत होते. हात न थांबविता ते म्हणाले, "लाकडाची रेषा ज्या अंगाची, त्या अंगानेच रंधा चालवावा. उलटा चालविला तर लाकूड उचकटते आणि रंध्याची धारही जाते." एवढे बोलून त्यांनी मला मोकळे केले.

ज्याला अशी मोकळीक मिळाली, त्यानेच पुढे काय केले ते ऐका. २००३ साली माझी मुलगी बारावी झाली. तिला परिचारिका व्हावयाचे होते. रात्रपाळीची नोकरी, परक्यांची शुश्रूषा. अशा मुलीला स्थळ कोण देणार, असे एका नातलगाने मला विचारले. मजपाशी उत्तर नव्हते, म्हणून तोच प्रश्न मी मुलीपुढे टाकला. ती काही बोलली नाही. तिच्या मौनाला मी संमती समजलो आणि अध्यापन पदविकेचा अर्ज माझ्या हाताने भरला. वर्षभर ती खाली मान घालून जात येत राहिली. शेवटी एके रात्री तिच्या आईने मला विचारले, "मामंजींचा रंधा विसरलात काय?" त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीने पहिला अभ्यासक्रम सोडला आणि परिचर्येचे शिक्षण घेतले. तिचे एक वर्ष माझ्यामुळे वाया गेले.

पुढे पाच स्थळांनी तिच्या नोकरीमुळे नकार दिला, हेही मी लपवीत नाही. आपली वाट धरणाऱ्याला किंमत मोजावीच लागते. लग्न उशिरा झाले, पण चांगले झाले. २०२० सालच्या महासाथीत ती कित्येक आठवडे घरी येऊ शकली नाही. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, फार दमले आहे, पण चुकीच्या जागी नाही." याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही बापास मिळत नसेल.

आता उलट बाजू पाहा. आज एखाद्या मुलाने आपला वडिलार्जित धंदाच करीन म्हटले, तर आपल्यालाच कमीपणा वाटतो. खंडेनवमीला ज्या वाकस-पटाशीची आपण पूजा करतो, ती मुलाने हाती धरली की आपली मान खाली जाते! काल धंदा सोडण्यास विरोध, आज धंदा धरण्यास विरोध. दोन्हीकडे मुलाला विचारावयाचे मात्र राहूनच जाते.

तरुणांनो, याचा अर्थ मनास येईल ते करावे असा नव्हे. रखमाबाई खटला संपल्यावर स्वस्थ बसल्या नाहीत. परमुलखात राहून त्यांनी विद्या मिळविली आणि मग आयुष्यभर राबल्या. वाट स्वतः निवडली की पाय दुखल्याची तक्रार दुसऱ्याकडे करता येत नाही. एवढी तयारी असेल तर बेलाशक निघा.

कार्यकारी मंडळास एकच नम्र सूचना. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही असते, पालकाचा व्यवसाय असतो, गुणांची टक्केवारी असते. त्यात आणखी एक रकाना घालावा: 'तुला स्वतःला काय व्हावयाचे आहे आणि का?' उत्तर मुलाने वा मुलीने स्वहस्ते लिहावे, आणि आपण वडील मंडळींनी ते शांतपणे वाचावे. मान्य झाले नाही तरी वाचावे. छापण्यास फारसा खर्च येणार नाही. हा रकाना माझ्या घरी २००३ साली असता, तर एका मुलीचे एक वर्ष वाचले असते.